सिगारेट सोडायचे सहा प्रयत्न आणि प्रत्येकाचा हिशेब

घाटमाथा

या दसऱ्याला मला सिगारेट सोडून चार वर्षं होतील. त्याआधी बावीस वर्षं ओढली, शेवटची दहा वर्षं दिवसाला पंधरा-सोळा. इथे ‘सिगारेट कशी सोडावी’ असा प्रश्न अधूनमधून येतो आणि खाली प्रत्येक जण स्वतःला लागू पडलेला एकच उपाय सांगून जातो. माझ्या वाट्याला सहा उपाय आले, कारण पाच वेळा सोडून मी परत धरली होती. प्रत्येकाचं काय झालं ते लिहितो. कुणाचा प्रयत्न फसला असेल तर तो कशामुळे फसला हे त्याला कळावं, एवढ्यासाठी.

पहिला प्रयत्न मुलीच्या बारशाच्या दिवशी. पाकीट चुरगळून फेकलं आणि ठरवलं, आता नाही. एकोणीस दिवस टिकलो. पहिले तीन दिवस डोकं भणभणत होतं, झोप उडाली होती, बायकोवर आणि कंपनीत लाइनवरच्या पोरांवर विनाकारण डाफरत होतो. निकोटीन रक्तातून झपाट्याने उतरतं, दर दोन तासांनी साधारण निम्मं. शरीराची ओढ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. हे मला आज माहीत आहे. तेव्हा वाटत होतं की आता जन्मभर असंच वाटत राहणार. एकोणिसाव्या रात्री तिसऱ्या पाळीत मशीन बंद पडलं, पहाटे तीनला सुरू झालं, बाहेर आलो आणि सोबतच्याने पुढे केलेली सिगारेट घेतली. रविवारपर्यंत परत पंधरावर.

दुसऱ्या वेळी हळूहळू कमी करायचं ठरवलं. सोळावरून दोन महिन्यांत चारवर आलो आणि चारवरच अडकलो. त्या चार मी बोटाला चटका बसेपर्यंत ओढायचो, धूर छातीत धरून. दिवसभर पुढचीची वेळ मोजत बसायचो. संख्या घटली, पण डोक्यातली जागा वाढली. काकू गेल्या त्या आठवड्यात चाराच्या चौदा झाल्या. पुढे वाचनात आलं की इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर नेमका हाच अभ्यास झाला होता, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कमी करत जाऊन सोडणाऱ्यांपैकी चार आठवड्यांनी ३९ टक्के टिकले होते, ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के. सहा महिन्यांनी साडेपंधरा टक्के आणि बावीस टक्के. दोन्ही गटांना अंगावर चिकटवायचे निकोटीनचे पॅच वगैरे आणि बोलायला माणूस दिलेला होता, हेही लक्षात घ्या. नुसत्या निग्रहावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात.

तिसरा प्रयत्न ‘हलक्या’ सिगारेटचा. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माणूस जोरात ओढतो, जास्त ओढतो, हिशेब तिथल्या तिथे.

चौथा ई-सिगारेटचा, २०१८ मध्ये. घरात ते यंत्र आणि कंपनीबाहेर सिगारेट, असं दोन्ही चालू राहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली आणि तो विषय संपला.

पाचव्या वेळी निकोटीनचं च्युइंगगम आणलं आणि साध्या चिंगमसारखं कचाकचा चावलं. उचक्या, जळजळ, मळमळ. दिवसाला तीन-चार खायचो, तल्लफ असह्य झाली की मगच. बारा दिवसांत ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून पाकीट कपाटात टाकलं.

सहाव्या वेळी खोकल्यासाठी एका रुग्णालयात गेलो होतो, तिथून तंबाखूमुक्ती केंद्रात पाठवलं. समुपदेशक ताईंनी पहिला प्रश्न विचारला, “सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते?” मी म्हटलं, पाच मिनिटांत, दात घासायच्या आधी. दिवसाला किती, हे त्यांनी त्यानंतर विचारलं. मग एक काम दिलं: आठवडाभर सोडायची नाही, फक्त पाकिटाला कागद गुंडाळून ठेवायचा आणि प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा, सोबत कोण, आणि गरज किती, एक ते पाच, हे लिहायचं.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. रोजच्या सोळांपैकी पाच-सहा सिगारेटी शरीर मागत होतं: उठल्याउठल्याची, बसमधून उतरल्यावरची, जेवणाच्या सुट्टीची, पाळी सुटल्यावरची. बाकीच्या दहांना शरीराची काहीच गरज नव्हती. त्या टपरीच्या होत्या, कटिंगच्या होत्या, एका मित्राच्या होत्या, फोनवर बोलताना फेऱ्या मारायच्या होत्या. माझे आधीचे प्रयत्न का फसले ते त्या दिवशी दिसलं. निग्रहाने मी टपरीला हरवलं होतं, पण सकाळच्या भुकेला नाही. गम घेतलं तेव्हा भूक थोडी भागली, पण दिवसातून चार वेळा त्याच टपरीवर त्याच मित्राशेजारी उभा होतो.

दसऱ्याचा दिवस ठरवला. सकाळी उठल्यावर दंडावर २१ मिलिग्रॅमचा पॅच, पुढे १४, मग ७, असे सगळे मिळून दहा आठवडे. अडीनडीला दोन मिलिग्रॅमचं गम, या वेळी नीट शिकून. आणि चहा तीन महिने कँटीनमध्येच. त्या मित्राला मी आधीच सांगितलं होतं, “तीन महिने तुझ्यासोबत बाहेर येणार नाही, राग मानू नकोस.” त्याने मानला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: उपाय निवडायच्या आधी तुमच्या सिगारेटी वेगळ्या करा. कुठली शरीराची, कुठली जागेची. तुमचे अनुभव लिहा, फसलेले असले तरी.

निग्रह_७१

लेख मनापासून लिहिला आहे, पण मला तो पटलेला नाही. मी १९९४ साली सोडली. तोपर्यंत रोज एक पाकीट. आषाढी वारीला आळंदीहून निघालो, दुसऱ्या मुक्कामावर दिंडीच्या महाराजांनी खिसा पाहिला आणि म्हणाले, “माळ घालायची असेल तर हे इथेच ठेवा.” ठेवलं. त्यानंतर आजतागायत नाही. पट्ट्या नाहीत, गोळ्या नाहीत. माणसाने मनाशी ठरवलं की होतं. औषधाच्या आधाराने सोडणं म्हणजे एक कुबडी टाकून दुसरी घेणं, असं मला वाटतं.

घाटमाथा

काका, तुम्ही तीस वर्षं टिकलात याबद्दल मनापासून नमस्कार. पण वारीत तुम्हाला काय काय मिळालं ते बघा. घर सुटलं, नेहमीचा पानवाला सुटला, नेहमीची चहाची वेळ सुटली. पहाटे उठून चालणं, रोज पंधरा-वीस किलोमीटर. भोवती शेकडो माणसं, सगळ्यांच्या तोंडात नाम. आणि हे सगळं जवळजवळ तीन आठवडे, म्हणजे शरीराची ओढ ओसरायला जेवढे दिवस लागतात तेवढेच. परत आलात तेव्हा गळ्यात माळ होती, म्हणजे कुणी सिगारेट पुढे करायचा प्रश्नच उरला नाही. निग्रह तुमचा होताच, पण त्याला वारीने चारी बाजूंनी आधार दिला. मला तो आधार वेगळ्या ठिकाणी शोधावा लागला.

निग्रह_७१

या अंगाने कधी विचार केला नव्हता. दिंडीतही तंबाखू मळणारे होते, हे खरं. पण मला कोणी दिली नाही. माळ बघून देत नसत.

सोनचाफा

मी ठाण्याची. वय ३८. अकरा वर्षं ओढली आणि घरात कोणालाही माहीत नव्हतं, अजून नाही. पुरुषांना निदान ‘आता सोड बाबा’ असं म्हणणारं कुणीतरी असतं. आम्हाला तेही नाही, कारण आम्ही ओढतच नाही असं सगळे धरून चालतात. महाराष्ट्रात सिगारेट-विडी ओढणाऱ्या बायका शंभरात एक-दीड, असं २०१६-१७ च्या सर्वेक्षणात होतं. त्यातली आपण एक, हे माहीत असूनही दवाखान्यात जाऊन नाव सांगायची हिंमत होत नव्हती.

मला पाकिटावरच्याच नंबरने मार्ग दाखवला. १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापतात आणि मी तो हजार वेळा पाहून न पाहिल्यासारखा केला होता. एका दुपारी गाडीत बसून, काचा वर करून फोन लावला. पैसे लागत नाहीत. चेहरा दाखवावा लागत नाही. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी एकदाही ‘बाई असून?’ असं म्हटलं नाही. त्यांनी दिवस ठरवायला लावला आणि त्यानंतर स्वतःहून परत फोन करत राहिल्या. त्या परत येणाऱ्या फोननेच मला धरून ठेवलं. ‘परवा ताईंचा फोन येणार, त्यांना काय सांगू’ या विचाराने मी कितीतरी संध्याकाळी काढल्या.

पाच मिनिटांची युक्तीही त्यांनीच सांगितली. तल्लफ भरतीसारखी येते आणि थोड्या मिनिटांत उतरते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवायचं. मी बडीशेप आणि लवंग जवळ ठेवायची. पहिल्या आठवड्यात इतकी बडीशेप खाल्ली की सासूबाईंनी पोट बिघडलंय का म्हणून विचारलं.

वजनाबद्दल लिहायलाच हवं, कारण बायका याच भीतीने परत धरतात. माझं साडेचार किलो वाढलं. वर्षभरात चार-पाच किलो वाढणं ही सरासरीच आहे. दुसऱ्या वर्षी चालून त्यातलं तीन उतरवलं. छातीत साठलेलं असं उतरवता आलं नसतं.

औषधी_पेटी

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे, तेवीस वर्षं. गमबद्दल लिहितो, कारण घाटमाथांनी पाचव्या प्रयत्नात केलेली चूक माझ्याकडे येणारे दहातले नऊ जण करतात आणि दोष गमला देतात.

हे चिंगम नव्हे. हळूहळू आठ-दहा वेळा चावायचं, तोंडात तिखट झिणझिणी आली की थांबायचं आणि गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. झिणझिणी गेली की परत थोडं चावायचं, मग दुसऱ्या बाजूला ठेवायचं. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते थुंकीबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा उपयोग होत नाही आणि उचक्या लागतात. गम घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबूसरबत, कोल्ड्रिंक नको. तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलं जात नाही. आपले लोक नेमकं चहाबरोबर गम चावतात.

दोन मिलिग्रॅमचं विनाचिठ्ठी मिळतं, चारचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्याला सहसा चारचं लागतं, त्याला दोनचं कमी पडतं. तल्लफ येण्याची वाट पाहू नका, सुरुवातीला तासा-दोन तासांनी नियमाने घ्या. आणि कोर्स तीन महिन्यांचा असतो. माझ्याकडे लोक दहा गोळ्यांची एक पट्टी घेतात, आठ दिवसांनी बरं वाटलं म्हणून बंद करतात आणि महिन्याने पुन्हा समोरच्या पानपट्टीवर दिसतात. मला तेव्हा खरंच वाईट वाटतं.

पॅचने दिवसभर एकसारखं निकोटीन मिळतं, गमने अचानक येणारी तल्लफ आवरते. दोन्ही मिळून घेतले तर एकट्या कशाहीपेक्षा चांगला उपयोग होतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. पॅच रोज वेगळ्या जागी लावा, नाहीतर खाज सुटते. रात्री भयंकर स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा.

काकांच्या ‘दुसरी कुबडी’बद्दल आदर राखून सांगतो. व्यसन निकोटीनचं असतं हे खरं, पण कॅन्सर मुख्यतः धुरातल्या डांबरासारख्या घटकांनी होतो आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. पॅचमध्ये यातलं काही नाही. शिवाय सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, पॅचचं तासांनी. तो झटकाच सवय लावतो.

चिठ्ठीवरच्या गोळ्या दोन. व्हरेनिक्लिन मेंदूतल्या त्याच कुलपात जाऊन बसते जिथे निकोटीन बसतं. त्यामुळे ओढही कमी होते आणि सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. सोडायच्या दिवसाच्या एक आठवडा आधी सुरू करतात, बारा आठवडे घेतात. मळमळ होते, म्हणून भरल्या पोटी आणि पेलाभर पाण्याबरोबर. हिने मन बिघडतं अशी भीती पूर्वी होती. २०१६ मध्ये सुमारे आठ हजार लोकांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात तशी लक्षणीय वाढ दिसली नाही आणि टिकून राहणारेही पॅच किंवा दुसऱ्या गोळीपेक्षा हिच्यावरच जास्त होते. दुसरी गोळी ब्युप्रोपिऑन, मूळची नैराश्यावरची. ज्यांना कधी फिट आली असेल त्यांनी ती घ्यायची नाही. दोन्हींसाठी डॉक्टरांना भेटाच, माझ्यासारख्या दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका.

थेम्सकाठ

मी मूळचा नाशिकचा, चौदा वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला. इथे सरकारी आरोग्यसेवेची सिगारेट सोडवणारी वेगळी सेवा आहे. दर आठवड्याला सल्लागाराला भेटायचं आणि एका छोट्या यंत्रात फुंकायचं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते आकड्यात दिसतं. माझा पहिल्या दिवशी २४ होता, दुसऱ्या भेटीत ३. त्या आकड्याचा माझ्यावर जेवढा परिणाम झाला तेवढा फुप्फुसांच्या कुठल्याही चित्राचा झाला नाही. एक-दोन दिवसांतच तो इतका उतरतो, हे मला माहीतच नव्हतं.

मला व्हरेनिक्लिन हवी होती, पण २०२१ मध्ये ती गोळी एका अशुद्धीमुळे इथल्या बाजारातून काढून घेतली गेली आणि नेमका तेव्हाच मी रांगेत होतो. मग ई-सिगारेट घ्यायला सांगितलं. इथे तो मान्य उपाय आहे आणि सिगारेट सोडवण्यात ती पॅच-गमपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडते असं अभ्यासांत दिसलं आहे. माझी सिगारेट खरोखरच सुटली. पण आज तीन वर्षं झाली, मी अजून ते यंत्र ओढतो. सकाळी डोळे उघडले की हात उशीखाली जातो. भारतात बंदी असताना कुणी चोरून आणलेलं, आत काय आहे ते माहीत नसलेलं यंत्र घ्यावं असं मी मुळीच सुचवणार नाही. जानेवारी २०२४ पासून इथे सायटिसिन नावाची गोळी मिळते, पूर्व युरोपात ती १९६० च्या दशकापासून वापरतात. यंत्र सोडायला तिचा उपयोग होईल का, ते सल्लागाराला विचारणार आहे.

काळीमाती

भाऊ, मी वरोऱ्याचा. सहावा प्रयत्न वाचला, पण माझ्याकडून सातवा उपाय लिहून घ्या आणि तो कोणीही करू नका. मी सिगारेट सोडली खर्रा धरून. आमच्याकडे सगळेच असं करतात. ‘धूर नाही, मग काय होते?’ म्हणतात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतो तो, दिवसाला दोन पन्न्या व्हायच्या. सिगारेट सुटली याचा मला अभिमान होता.

पाच वर्षांनी तिखट सोसेनासं झालं, म्हणजे साधं वरणही झोंबायचं. मग तोंड उघडेना. माझी तीन बोटं उभी आत जायची, आता दीड जाते. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत गेली आहे आणि ती पूर्ववत होणार नाही. खर्रा आता बंद आहे, दोन वर्षं. गडचिरोलीत दारू-तंबाखू सोडवणाऱ्या मुक्तिपथचं काम चालतं, तिकडच्या माझ्या मेव्हण्याने मला पहिल्यांदा हे समजावलं.

आपल्या राज्यात धुरापेक्षा हेच जास्त आहे. ओढणारे शंभरात चार असतील तर खाणारे चोवीस. तर कृपा करून एक सोडताना दुसरं धरू नका. मुलाच्या मुंजीत मला पुरणपोळीचा घास मोठा करून खाता आला नाही. हे लिहायला लाज वाटत होती, पण लिहिलं.

सोनचाफा

काळीमाती दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. माझा धाकटा भाऊ नागपूरला असतो, त्याला हा प्रतिसाद आत्ता पाठवला.

शनिवारपेठ

वय २७. दिवसाला सात-आठ, सुट्ट्याच घेतो. (२०२० पासून महाराष्ट्रात सुटी विकायला बंदी आहे, पण टपरीवर मिळते.) पहिली सिगारेट अकराला, ऑफिसच्या खाली. रविवारी घरी असलो की एकही ओढत नाही आणि आठवतही नाही. मला पॅच लागेल का?

घाटमाथा

तुमच्या रविवारनेच उत्तर दिलं आहे. उठल्यानंतर तीन-चार तास आणि अख्खी सुट्टी शरीर काही मागत नाही, म्हणजे तुमच्या जवळपास सगळ्या जागेच्या आहेत. माझ्या मते तुम्हाला अकराची जागा बदलावी लागेल. पहिले तीन आठवडे त्या टोळक्याबरोबर खाली जाऊ नका. खिशात गम ठेवा, पण मुख्य काम ते नाही. औषधी_पेटी चूक असेल तर दुरुस्त करतील.

औषधी_पेटी

बरोबर आहे. फक्त एक भर. सिगारेट सुटली की शरीर कॉफी-चहातलं कॅफीन हळू पचवतं, धुरामुळे तो वेग वाढलेला असतो. तेवढाच चहा घेतला तरी छाती धडधडते, हात थरथरतात, झोप जाते. लोकांना वाटतं सिगारेट सोडल्याचा त्रास होतोय. पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी निम्मी करा.

शनिवारपेठ

अकरावा दिवस. काल मित्राच्या हळदीत दारू घेतली आणि तीन सिगारेटी ओढल्या. सकाळपासून स्वतःचा राग येतोय. आता पहिल्यापासून मोजायचं का?

सोनचाफा

माझ्या फोनवरच्या ताईंनी मला अशाच दिवशी विचारलं होतं, “पाकिटात किती उरल्यात?” उरलेल्या त्यांच्याशी बोलता बोलता पाण्यात बुडवायला लावल्या. घसरलं म्हणून माणूस परत लागत नाही, ‘आता गेलंच’ म्हणून दुसऱ्या दिवशी पाकीट आणतो तेव्हा लागतो. दहा दिवस तुमचेच आहेत. तुमच्याकडे पाकीट आहे का आत्ता?

शनिवारपेठ

नाही. लायटर होता, तो आत्ता खालच्या इस्त्रीवाल्या काकांना देऊन आलो. पुढचं लग्न तीन आठवड्यांनी आहे, तिथे दारू घेणार नाही.

चादरवाला

सोलापूरहून लिहितोय. वडील ६८, विडी ओढतात, दिवसाला वीस-बावीस, पन्नास वर्षं. दमा आहे. आई तीस वर्षं विड्या वळायची, माझं शिक्षण त्यावरच झालं, त्यामुळे घरात विडीला वाईट बोलताना जीभ अडखळते. बाबा म्हणतात, “विडीत पान असतं, सिगारेटसारखं काही नसतं, आणि आता या वयात सोडून काय मिळणार?” विडीला हेच उपाय चालतात का?

औषधी_पेटी

चालतात. विडी कमी घातक नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती विझू नये यासाठी जोरात आणि घाईघाईने ओढावी लागते, आणि फिल्टर नसतो.

वयाबद्दल बाबांना हे सांगा. इंग्लंडमध्ये डॉक्टर मंडळींवरच पन्नास वर्षं अभ्यास झाला. साठीला सोडणाऱ्यांचं आयुष्यही साधारण तीन वर्षांनी वाढलं, तिशीला सोडणाऱ्यांचं दहा. आणि दम्याच्या माणसाला वर्षांच्या आधी श्वास मिळतो.

पण एक गोष्ट विसरू नका: दम्यासाठी ते थिओफिलिन असलेल्या गोळ्या घेत असतील, तर विडी बंद झाल्यावर तेच प्रमाण रक्तात चढतं. कॅफीनसारखंच कारण. छातीच्या डॉक्टरांना आधी सांगा, ते मात्रा ठरवतील.

निग्रह_७१

चादरवाले, वडिलांना माझ्याशी बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो. मी सोडली तेव्हा चाळिशीत होतो, त्यांच्याएवढा नव्हतो. पण आता त्यांच्याच वयाचा आहे.

चादरवाला

काका, व्यनि केला आहे. काल रात्री बाबा तुमच्याशी पाऊण तास बोलले. मला वाटलं विडीबद्दल बोलतील, पण निम्मा वेळ वाखरीच्या रिंगणाबद्दल चाललं होतं.

छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळीची मात्रा सोडायच्या दिवशी बदलायची आहे, ती लिहून दिली. घटस्थापनेचा दिवस ठरला आहे. त्याआधी घाटमाथांनी सांगितलेला आठवडाभराचा कागद करायचा होता, पण बाबांना लिहिता येत नाही आणि चश्माही सापडत नाही म्हणतात. आईने तिची पद्धत काढली. बाबांनी ओढलेली प्रत्येक काडी ती वाटीत टाकते. पहिल्या दिवशी काड्या एकतीस निघाल्या आणि विड्या बावीस, कारण विडी मध्येच विझते आणि परत पेटवावी लागते. बाबा स्वतःच ती वाटी बघत बराच वेळ बसले होते.

सकाळच्या चहाआधीच्या काड्या आई वेगळ्या वाटीत ठेवते. आज त्यात चार होत्या.